फोटोच्या मागची तारीख

९ जानेवारी

चि. बारक्यास,
अ. उ. आ. वि. वि.

सोबतच्या पाकिटात खंड्याचा फोटो आहे. नुसता बघून बाजूला ठेवू नकोस, आधी त्याची खरी किंमत ऐक. दोन कप चहा, दोन्ही गार झाले. एक बूट ओढ्यात गेला. परत आला, पण बूट म्हणून नव्हे. पिठाच्या गिरणीवाल्याची मोटार दुरुस्त करून मी नऊला देतो म्हणालो होतो, ती दिली सव्वाअकराला. तोवर तो माझ्याच स्टुलावर बसून माझ्याच कामगारांना माझ्या आळसाच्या कथा सांगत होता. आणि वर तुझ्या वहिनीचं एक वाक्य. या पक्ष्याकडे बघता तसं कधी माझ्याकडे बघितलं असतंत तर, एवढंच म्हणाली आणि भाजी चिरायला लागली. अर्धंच वाक्य, पण सगळ्यात महाग तेच पडलं. फिल्मचे आणि धुलाईचे पैसे मी यात धरलेलेच नाहीत.

आज नऊशे सत्तेचाळिसावा फोटो. अडीच वर्षांपूर्वी डॉक्टरनं रोज सकाळी चालायला सांगितलं. नुसतं चालायचं म्हणजे विहिरीत पाणी नसताना पंप चालवायचा, म्हणून गळ्यात कॅमेरा अडकवला. रोज त्याच पुलावर उभं राहायचं, समोरचं वाकडं झाड, ओढा, पायऱ्या आणि त्या वेळी तिथं जे कोण असेल ते टिपायचं. कधी कपडे धुणाऱ्या बाया, कधी बगळा, कधी शाळा चुकवून आलेली टोळी. रोज एक, जास्त नाही, कमी नाही. फोटो छापून आला की मागे तारीख, वेळ आणि एक ओळ. मोटार उघडली की आधी तिला चिठ्ठी बांधायची, चिठ्ठीशिवाय स्क्रूला हात लावायचा नाही, हे तू दहा वर्षांचा असताना तुला शिकवलं होतं. तू विसरला असशील. मी अजून तेच करतो.

तीन मार्चला हजार होतात. ग्रंथालयवाल्यांनी त्यांच्या वरच्या खोलीत सगळे मांडायचं ठरवलंय. पेंटरकडून बोर्डही करून घेतला: हजार फोटो, हजार दिवस. लोक विचारतात, खरंच एकही दिवस चुकला नाही? मी म्हणतो, बाबांनो, सूर्य एखाद दिवशी ढगाआड राहील, मी नाही. जरा फुशारकी होते, पण सातवीत शाळा सुटलेल्या माणसाचं नाव ग्रंथालयाच्या भिंतीवर लागतंय म्हटल्यावर एवढी चालायची.

रोपवाल्या मावशींची तुला आठवण असेल. ओढा आणि रस्ता यांच्या मधल्या पट्टीत त्यांची रोपं, पत्र्याचं दार. माझ्या प्रत्येक फोटोच्या डाव्या कोपऱ्यात ते दार येतंच. हल्ली कुठल्या तरी कंपनीची माणसं ती पट्टी बघून जातात. मावशींचा परवाना पालिकेचा आहे, पण त्यात एक मेख आहे. दार सलग नव्वद दिवस बंद राहिलं तर परवाना रद्द. गेल्या उन्हाळ्यात त्या पडल्या, खुब्याचं हाड मोडलं, तेव्हा तीन महिन्यांच्या वर कुलूपच होतं. नशीब, दिवस कुणी मोजले नाहीत. चाळीस वर्षं त्या जागेवर त्यांचं पोट आहे.

छोटीला पापा. तुझ्या ऑफिसात नकाशे काढून पाठ धरत असेल तर खुर्चीवर उशी घे.

तुझ्या पत्राकडे डोळे लावून बसलेला,
दादा

———

१७ जानेवारी

ती. दादांस,
शि. सा. न. वि. वि.

खंड्या पोहोचला. छोटीनं तो शाळेत नेला आणि माझ्या काकांनी काढलाय म्हणून अख्ख्या वर्गाला दाखवला. बाईंना खोटं वाटलं, तर ही रडली. फुशारकी घराण्यातच आहे, त्याला तुम्ही एकटे काय करणार!

दादा, एक मागणं आहे. छोटीच्या खोलीची एक भिंत मोकळी आहे. तिथं गावचा एक पूर्ण उन्हाळा लावावा असं मनात आलं. इथं खिडकीतून समोरच्या इमारतीच्या खिडक्या दिसतात, बाकी काही नाही. मार्चअखेरपासून जुलै लागेपर्यंतचे, गेल्या वर्षीचे सगळे फोटो पाठवाल का? एकही गाळू नका, सलग हवेत, म्हणजे ओढा कसा आटत गेला ते तिला दिसेल. कोपरे कापून मोठे करून घेऊ नका, आहेत तसेच, मूळ प्रती पाठवा. मागच्या तारखा तर हव्यातच. आणि प्रत्येक तारखेखाली तुमची सही करा. पुढे पोरगी मोठी झाली की हे कुणी काढले त्याला पुरावा नको का?

माझं काम बरं चाललंय. वरचे साहेब खूश आहेत. पाठीचं म्हणाल तर आता खुर्चीवर कमी आणि फिरतीवर जास्त असतो, नव्या जागा बघायच्या असतात. वहिनींना म्हणावं, अर्धं वाक्य पुढच्या वेळी मी आल्यावर माझ्यासमोर पूर्ण करावं.

तुमच्या हातचा अजून एक धपाटा ज्याचा बाकी आहे तो,
बारक्या

———

२४ जानेवारी

चि. बारक्यास,
अ. उ. आ. वि. वि.

रजिस्टर पोस्टानं सत्त्याण्णव फोटो पाठवतोय. अठ्ठावीस मार्च ते दोन जुलै. सत्त्याण्णव सह्या करताना बोट सुजलं. कर्ज काढणाऱ्यालाही एवढ्या सह्या कराव्या लागत नसतील. शेवटच्या वीसेक सह्या तुला माझ्या वाटणारच नाहीत, पण माझ्याच आहेत. ग्रंथालयासाठी मी निगेटिव्हवरून दुसऱ्या प्रती काढून घेईन, तू काळजी करू नकोस. स्टुडिओवाला म्हणाला, मूळ प्रती कशाला देता, एकदा गेल्या की गेल्या. मी म्हटलं, पोराकडेच तर जातायत.

तुझी वहिनी म्हणाली, कोपरे कापू नका असं त्यानं मुद्दाम का लिहिलं असेल? मी तिला सांगितलं की बाई, माझ्या कानावर जग चालतं. स्क्रूड्रायव्हरचं टोक मोटारीला आणि मूठ कानाला लावली की आतलं बेअरिंग कुठं खातंय ते मला कळतं, आणि माणूस दोन वाक्यं बोलला की त्याच्या आत काय खातंय तेही. बत्तीस वर्षांत मला एकाही गिऱ्हाइकानं फसवलेलं नाही. मग घरचा फसवणार आहे होय?

मे महिन्यात एक बगळा जरा जास्तच आहे. हसू नका दोघं. त्या दिवसांत त्याचा आणि माझा स्नेह जमला होता.

भिंत लावून झाली की मला तिचा एक फोटो पाठव. कुणीतरी माझ्या फोटोंचा फोटो काढलेला मला बघायचाय.

तुमच्या भिंतीवर उन्हाळाभर राहायला आलेला,
दादा

———

६ फेब्रुवारी

चि. गुंडाळ्यास,
अनेक आशीर्वाद.

तांब्याची तार गुंडाळून गुंडाळून तुझं नाव मी गुंडाळ्या ठेवलं त्याला चाळीस वर्षं झाली. आता तू ग्रंथालयात लागणार म्हणजे नाव बदलायला हवं, पण माझ्याच्यानं होणार नाही.

मी मागच्या आठवड्यात दोन दिवस बारक्याकडे होते. शिवणाच्या परीक्षेला मला परीक्षक म्हणून बोलावलं होतं, तिथून त्याचं घर जवळ. घर मोठं घेतलंय. मोटार आहे. त्याची बायको मोकळी बाई आहे, पोटात काही ठेवत नाही. मला म्हणाली की तुमच्या भावाला बढती मिळायचीय, पण ते ओढ्याकाठचं काम पार पडलं तरच. मी विचारलं, कुठला ओढा? तर बारक्यानं तिच्याकडे असं बघितलं की तिनं पटकन दुधाकडे धाव घेतली. दूध फ्रीजमध्ये होतं.

तुझे फोटो बघायचे म्हणून मी छोटीच्या खोलीत गेले. चारी भिंती पांढऱ्या. एक खिळाही नाही. मी छोटीला विचारलं की काकांचा उन्हाळा कुठाय? तिला काही माहीतच नव्हतं. खंड्या मात्र तिनं वहीत जपून ठेवलाय, तो दाखवला. बारक्याला विचारलं तर म्हणाला, फ्रेम करायला दिलेत. सत्त्याण्णवच्या सत्त्याण्णव? तर म्हणाला, हो, ऑफिसमार्फत दिलेत, सवलत मिळते.

माझ्या वर्गात मी मुलींना पहिल्या दिवशी सांगते, कापड आधी उलटं करून बघा. सुलट बाजूला सगळेच टाके नीट दिसतात. गुंडाळ्या, तू मोटारीचा आवाज ऐकतोस, पत्राला आवाज नसतो. तो कुठल्या कंपनीत आहे, तिचं नाव तुला ठाऊक आहे का? मला वाटतं, आपण दोघांनी कधी विचारलंच नाही. नोकरी लागली म्हटल्यावर आपण खूश होऊन बसलो.

माझा हा संशय खोटा ठरला तर तुझ्या घरी येऊन आठ दिवस तुझे सगळे शर्ट उसवून परत शिवून देईन.

तुझी कान धरणारी,
अक्का

———

१४ फेब्रुवारी

ती. अक्कास,
शि. सा. न.

शर्ट उसवायला यायला नको. तुझा संशय खरा निघाला.

काल दुपारी मावशी काठी टेकत दुकानात आल्या. मी गिरणीच्या मोटारीत डोकं घातलेलं. त्या स्टुलावर बसल्या आणि टेबलावर तारेचे तुकडे बाजूला सारून एक कागद ठेवला. त्यावर माझ्या फोटोची झेरॉक्स. माझी अक्कल बघ, आधी मी खूश झालो! वाटलं, ग्रंथालयानं जाहिरात छापली. त्यांनी विचारलं की हे अक्षर तुमचंच ना? मी छाती काढून म्हणालो, माझंच, खाली सहीही आहे. मग मी कागद वाचला.

पालिकेची नोटीस आहे. कंपनीनं तक्रार केलीय की रोपांची जागा सत्त्याण्णव दिवस सलग बंद होती, सबब परवाना रद्द करून जागा मोकळी करावी. पुरावा म्हणून सत्त्याण्णव फोटो, प्रत्येकाच्या डाव्या कोपऱ्यात कुलूप, प्रत्येकाच्या मागे तारीख, वेळ, सही. खाली कंपनीतर्फे ज्याची सही आहे ती सही मीच त्याला पाटीवर गिरवायला शिकवली होती. सत्तावीस तारखेला सुनावणी आहे.

त्याच्या फीसाठी मी रात्र रात्र पंपांच्या मोटारी तारेनं भरल्या हे तुला माहीत आहे, त्यावर मी काही लिहीत नाही. तो एखाद्या जागेच्या मागे लागला असता, माझ्याशी भांडला असता, तर मला चाललं असतं. पण त्यानं पोरीची भिंत पुढे केली. केसानं गळा कापला आणि तो केसही माझ्याच डोक्यातला घेतला. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ म्हणतात. इथं दांडा मीच तासून, तेल लावून, रजिस्टरनं पाठवला.

मावशी रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या एवढंच सांगत होत्या की मे महिन्यात त्यांची भाची आली होती, तेव्हा दहा, अकरा आणि बारा असे तीन दिवस दार उघडलं होतं. त्या स्वतः खुर्ची टाकून बसल्या होत्या, वाळलेली रोपं काढली, राहिलेली विकली. पालिकेत त्यांनी हे सांगितलं, तर कारकुनानं अकरा तारखेचा फोटो पुढे ठेवला. त्यात कुलूप. तो म्हणाला, आजी, माणूस विसरतो, फोटो विसरत नाही. सगळे हसले. भाची लांब असते, पावत्या त्यांनी जन्मात फाडलेल्या नाहीत. आता त्यांना स्वतःलाच वाटायला लागलंय की त्या दुखण्याच्या औषधांनी डोकं फिरलं असेल, दार उघडल्याचं स्वप्नच पडलं असेल. मला विचारत होत्या, तुम्ही तर रोज पुलावर असायचात, तुम्हाला मी दिसले होते का हो?

अक्का, आता हे फक्त तुला लिहितोय.

नऊ ते तेरा मे मी पुलावर नव्हतोच. ताप होता, एकशे तीन. तुझी भावजय डोक्यावर पट्ट्या ठेवत होती. चौदाला बरं वाटलं, तेव्हा काठी घेऊन पुलावर गेलो आणि एकामागून एक सहा फोटो काढले. एक त्या दिवसाचा आणि पाच मागचे. पाच दिवसांचं भोक राहिलं तर हजार कसे व्हायचे, एवढाच विचार. फोटो छापून आल्यावर मागे नऊ, दहा, अकरा, बारा, तेरा अशा तारखा टाकल्या आणि वेळाही टाकल्या, रोज दोन-चार मिनिटं इकडेतिकडे, म्हणजे खरं वाटावं. कुणाचं काय नुकसान होणार होतं? चौदा तारखेला भाची परत गेली होती, दाराला कुलूप होतं. तेच कुलूप मी पाच दिवस मागे नेऊन लावलं.

काल मी मावशींना म्हणालो, बघतो, विचार करतो. त्या गेल्यावर मी गिरणीची मोटार उलटी जोडली. बत्तीस वर्षांत पहिल्यांदा.

तुझ्या पदराआड लपायचं वय गेलं, तरी तसं वाटतंय,
गुंडाळ्या

———

१५ फेब्रुवारी

बारक्या,

मावशींना आलेली नोटीस वाचली. खालची सही वाचली. छोटीची भिंत कोरी आहे हेही कळलं. ते फोटो मी छोटीला दिले होते, कंपनीला नाही. परत पाठव आणि तक्रार मागे घे. बाकीचं तोंडी बोलू.

दादा

———

२० फेब्रुवारी

ती. दादांस,
शि. सा. न. वि. वि.

तुमच्या पत्रात या वेळी आशीर्वाद नव्हता. तो नाही म्हणून मी सोडून देणार नाही, मी तुमच्या पायांवर डोकं ठेवूनच लिहितोय.

दादा, शांतपणे ऐका. दाराला कुलूप मी लावलं नाही. पडायला मावशींना मी सांगितलं नाही. नव्वद दिवसांचा नियम पालिकेचा आहे. मी फक्त तुम्ही काढलेलं मोजलं. तुमचं पहिलं पत्र आलं तेव्हा चार महिने मी त्या जागेसाठी खेटे घालत होतो आणि वरून रोज ऐकून घेत होतो. हप्ते आहेत, छोटीची शाळा आहे. तुम्हाला आधी सांगितलं असतं तर तुम्ही फोटो दिले नसतेत, म्हणून भिंतीचं लिहिलं. ते चुकलं. भिंतीवर मी खरंच लावणार आहे, काम झाल्यावर प्रती काढून. मावशींनाही कंपनीकडून काहीतरी मिळवून देईन, तोंडी ठरलंय. या वयात त्यांनी तरी किती दिवस रोपांना पाणी घालायचं?

फाइल आता परत येत नाही. पालिकेनं सत्तावीसला तुम्हाला बोलावलंय, कागद मिळेल. तुम्ही फक्त एवढं सांगायचं की अक्षर माझं, सही माझी. त्यापुढे एक शब्द बोलू नका. फोटो तुमचे आहेत हे सगळं गाव जाणतं. एकही दिवस चुकला नाही हे तर तुम्ही बोर्डावर लिहून घेतलंय. आता तुम्हीच ते खोटं म्हणालात तर लोक मला नाही, तुम्हाला हसतील. तीन मार्चला तुमचा सत्कार आहे. माझ्या हट्टापायी तो नासवू नका.

काम म्हटलं की काम, नातं दुकानाबाहेर, हे तुम्हीच शिकवलंत.

तुमचा आशीर्वाद पुढच्या पत्रात येईल या आशेवर,
बारक्या

———

४ मार्च

ती. अक्कास,
शि. सा. न. वि. वि.

तू विचारलंस की शेवटी काय झालं. बसून ऐक.

बारक्याचं पत्र आलं त्या दिवशी संध्याकाळी मी मावशींच्या घरी गेलो. त्या रोपांच्या पिशव्यांना भोकं पाडत होत्या. मी त्यांना तापाचं, सहा फोटोंचं, सगळं सांगितलं. मला वाटलं होतं, काठी घालतील. त्यांनी हातातल्या पिशव्या खाली ठेवल्या आणि म्हणाल्या, म्हणजे माझं डोकं ठिकाणावर आहे तर! मग रडल्या. मग मला म्हणाल्या की मेल्या, इतके दिवस मी स्वतःला वेडी समजत होते. तो मेल्या मी जपून ठेवलाय.

हिशेब तू करून बघ, मीही दहा वेळा केला. अठ्ठावीस मार्च ते आठ मे, बेचाळीस दिवस. चौदा मे ते दोन जुलै, पन्नास. मधले पाच काढले की दोन तुकडे पडतात आणि नव्वद कुठंच भरत नाहीत. म्हणजे मावशींची जागा राहायची की जायची ते माझ्या त्या पाच तारखांवर होतं.

सुनावणीला मी निगेटिव्ह नेल्या. स्टुडिओवाला फिल्म धुतली की सहा-सहाच्या पट्ट्या कापून कागदात घालतो. माझे ते सहा नेमके एकाच पट्टीवर. पालिकेची ती खोली लांबट, डोक्यावर पंखा, त्याचं बेअरिंग गेलंय, पुढच्या महिन्यात बंद पडेल. मावशी पुढे बसलेल्या. बारक्या कंपनीच्या वकिलाशेजारी, नवा कोट. त्यानं मला नमस्कार केला. मी मान हलवली, आशीर्वाद तोंडातून निघाला नाही.

साहेबांनी विचारलं, अक्षर तुमचं? हो. सही तुमची? हो. बारक्याचा श्वास सुटलेला मी इकडे ऐकला. साहेब पुढचा कागद घेणार तेवढ्यात मी म्हणालो की साहेब, तारीख खरी आहे का, हे कुणी विचारलंच नाही.

मग पट्टी दिली. साहेब खिडकीशी गेले आणि उजेडात धरून बघायला लागले. आधी त्यांना काही कळेना. मी सांगितलं, बगळा बघा. सहाही फोटोंत बगळा तिसऱ्या पायरीवर, डावा पाय पोटाशी घेतलेला. काढताना मी कॅमेरा थोडा थोडा फिरवला होता, कधी झाड जास्त, कधी पाणी जास्त, म्हणून वेगळे वाटतात. पण पुलाच्या कठड्याची सावली सहाही वेळा त्याच पायरीच्या त्याच भेगेवर. सहा दिवस सूर्य एका जागी थांबत नाही आणि बगळाही एका पायावर राहत नाही. साहेबांनी कारकुनाला बोलावलं, त्यानं मोजला, मग शिपायानं मोजला. शिपाई म्हणाला की हा बगळा तर साहेब, आपल्या खात्यात नोकरीला ठेवण्यासारखा आहे. सगळी खोली हसली. मागच्या वेळी मावशींना हसली होती तीच खोली.

वकील उठला. म्हणाला, हा माणूस आता शेजारणीला वाचवायला खोटं बोलतोय. साहेबांनी मला विचारलं की तुम्ही खोटं कधी बोललात, तेव्हा की आता? मी म्हणालो, तेव्हा. मला काही मिळवायचं नव्हतं, नुसती फुशारकी करायची होती, म्हणूनच कुणाला संशय आला नाही. साहेबांनी पट्टी फाइलला टाचली, तक्रार फेटाळली आणि मला खोटी तारीख टाकून सही केल्याबद्दल चार शब्द सुनावले. सगळ्यांसमोर. मी उभा राहून ऐकले.

बाहेर बारक्या मोटारीपाशी थांबला होता. म्हणाला की पाच फोटोंसाठी तुम्ही माझी नोकरी घालवलीत. बढती तर गेलीच, आता ठेवतात की नाही कुणास ठाऊक. मी त्याला म्हणालो, नोकरी गेली तर दुकानात ये, तार गुंडाळायला माणूस हवाच आहे. हे मी चिडून म्हणालो नाही अक्का, पण त्याला तसंच ऐकू आलं. तो बसला आणि गेला. चाक माझ्या बुटाजवळून गेलं. त्याच्या मोटारीचा पट्टा किरकिरतोय, ते तेवढं मी ऐकलं. आपल्या पोराच्या आत काय किरकिरतंय ते मला एवढी वर्षं ऐकू आलं नाही आणि मी कानांचा टेंभा मिरवत होतो. तू लिहिलंस ते खरं, पत्राला आवाज नसतो. पण पत्रं येण्याआधी तो अठरा वर्षं माझ्याच घरात होता.

आपलेच दात, आपलेच ओठ. मी त्याला पत्र लिहायला चार वेळा बसलो. चि. एवढं लिहितो, पुढे पेन जात नाही. आशीर्वाद द्यायचा नाही असं नाही, पण त्याच्या पत्रांत मागे काय दडलंय ते आता मी उलटून उलटून बघणार, आणि मोठ्या भावानं असं बघायचं म्हणजे नातं नव्हे, उलटतपासणी. मूळ फोटो पालिकेच्या फाइलमध्ये गेले. तिथून काही परत येत नाही. छोटीच्या नावानं मात्र मी काल वेगळं पाकीट टाकलं. एक फोटो, मागे तारीख, काढला त्याच दिवसाची. मावशी दार उघडतायत असा. तिच्या भिंतीवर एक तरी खिळा असावा.

दुकानात लोक येतात आणि बगळ्याची चौकशी करतात. गिरणीवाला विचारतो की मोटार आज मिळणार की पाच दिवस आधी. तुझ्या भावजयीनं अर्धं वाक्य अजून पूर्ण केलेलं नाही, पण परवा रात्री तिनं स्वतः माझ्या बुटाला पॉलिश केलं, एकाच. दुसरा ओढ्यातला आहे, त्याला पॉलिश धरत नाही.

तू येशील तेव्हा कापड उलटं करूनच बघ, माझंही. लोभ मात्र सुलट बाजूनं असू दे.

तुझा,
गुंडाळ्या

ता. क. प्रदर्शन काल झालं. बोर्ड कसा दिसला ते तुला कळवायचं राहिलं. पेंटरनं पहिला आकडा तसाच ठेवून दुसरा नव्यानं लिहिला. हजार फोटो, नऊशे पंच्याण्णव दिवस.